मुद्दाम हरलेला डाव

इथे आखातात, एगैलाच्या मॉलमध्ये कुणीतरी कॅरम मांडला होता. बोरिक पावडरचा वास आला आणि अब्बासियातल्या आमच्या खोलीतली ती शुक्रवारची दुपार आठवली. शाळेत मला एकोणीसशे एकोणीसच्या अमेरिकन बेसबॉलवर बोलायचं होतं. पैसे खाऊन फायनल मुद्दाम हरलेल्या खेळाडूंची ती गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचे आणि कॅरममध्ये नेहमी मला जिंकू द्यायचे. "दॅट्स चीटिंग, बाबा. आज खरं खेळ," मी बजावलं. "बरं, खरं खेळतो," ते म्हणाले. एसी घरघरत होता. राणी अगदी होलच्या तोंडाशी होती, तरी त्यांचा स्ट्रायकर भलतीकडेच गेला. पुढच्या खेपेलाही तेच. "परत मुद्दाम हरलास ना?" मी चिडले. आई दारात उभी राहून त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे बघत होती. बाबांनी तो हात मांडीखाली दाबला. "हो गं, मुद्दामच," ते म्हणाले. पुढे सुई धरता येईना म्हणून नोकरी गेली, अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला आणि आम्ही मायदेशी परतलो. आता मी पुन्हा इथे येऊन एकटी नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर बाबांच्या हातात फोन ठरत नाही, आई धरते. तेव्हा ते खरंच मुद्दाम हरले असते तर.