टफिनबाईंची बिनपरवानगीची वाट

मुरिएल टफिन एकाहत्तर वर्षांच्या, त्यांचा घोडा पुडिंग तेवीस वर्षांचा, आणि पोटाचा घेर दोघांचा सारखाच. बाईंना जमिनीवर पाहिलेलं कूम हॅलिक गावात फारसं कुणाला आठवत नाही. एका हातात लगाम, दुसऱ्यात फांद्या छाटायची कात्री. घोडवाटेवर काटेरी वेल आडवी आली की खोगिरावरूनच कचाक्! "उतरले तर मला परत चढवायला दोन माणसं लागतात, बाबांनो. तुम्ही येणार का?"

कुणी येत नसे.

ही घोडवाट डेस्मंड येलंडच्या शेतातून जाते. तिथं त्याला सुट्टीवाल्यांसाठी लाकडी खोल्या बांधायच्या होत्या, म्हणून मार्चमध्ये त्यानं फाटकाला साखळी घातली. वाट गेली की घोड्यांना उरतो मोठा रस्ता. तिथं दुधाचे टँकर असे सुसाट जातात, की पुडिंगसुद्धा पळायला लागतो.

वाट सरकारी नकाशावर नव्हती. पण आमच्याकडचा कायदा भारी मिश्कील. लोक वीस वर्षं उघडपणे, दांडगाई न करता आणि मालकाची परवानगी न घेता एखाद्या वाटेनं गेले, तर ती वाट सगळ्यांची. विचारून गेलात तर पाहुणे, न विचारता गेलात तर हक्कदार! आईनं लावलेलं वळण इथं साफ वाया.

चर्चच्या हॉलमध्ये सरकारी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. बाईंनी फोटोंचा गठ्ठा मांडला, वीस वर्षं सिद्ध झाली. मग डेस्मंड उठला. तो बोलतो तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. "शाहेब, पलवानगी मीच दिलेली ना! दल लविवाली टोपी उचलून म्हणायचो, या मुरिएल, खुशाल जा."

हे खरं ठरलं तर वाट गेलीच.

"मिसेस टफिन," अधिकारी नाकातून म्हणाले, "असं घडलं होतं का?"

बाईंचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. "आता यालाच विचारा, साहेब. गोडबोल्या आहे आमचा डेझ. भोपळ्याबद्दल माफी मागितलीस तीसुद्धा रविवारीच ना रे, डेझ?"

चोवीस वर्षांपूर्वी गावच्या प्रदर्शनात डेस्मंडच्या 'घरी पिकवलेल्या' भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बाईंनी भोपळा उलटा केला आणि खाली चिकटलेली दुकानाची चिठ्ठी परीक्षकांना वाचून दाखवली.

डेस्मंड बिटासारखा लाल. बटाटा कुठल्या कुठे उडाला. "माफी? मी? हिची? त्या दिवसापासून चोवीस वर्षं या बाईशी एक अक्षर बोललो नाही मी! गुड मॉर्निंगसुद्धा नाही! विचारा कुणालाही!"

"अगदी खरं," त्याची बायको बेरिल मागून अभिमानानं म्हणाली. "काही सांगायचं असलं तर मला पाठवतो."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जरा सावकाश, मिस्टर येलंड. 'एक अक्षर'... पुढे काय म्हणालात?"

ऑक्टोबरात वाट नकाशावर चढली. फाटकाची साखळी डेस्मंडलाच काढावी लागली, नवी कडीही त्यालाच बसवावी लागली. टफिनबाई खोगिरावरून देखरेख करत होत्या. "अजून वर घे, डेझ. घोड्यावरून हात पोचायला नको का?"

त्यानं कडी वर घेतली. मग बेरिलकडे वळून म्हणाला, "तिला विचार, आता पोचतो का."