पहिल्या उडीचा मान

टूरवाल्यांनी अझरबैजानमध्ये बाकूच्या एका भारतीय हॉटेलात आम्हाला दुपारचं जेवायला नेलं. डाळ वाढायला जो माणूस पुढे आला त्याला बघून माझा घास हातातच राहिला. नाशिकच्या पंचवटीतला माझा लहानपणचा मित्र! एका गल्लीत वाढलो, एका सायकलवर डबलसीट शाळेत गेलो. "काय भो," एवढंच म्हणाला आणि गळ्यात पडून ढसाढसा रडला. बायकोही गहिवरली. तिला मी त्याच्याबद्दल कायम चांगलंच सांगत आलो होतो.

वास्तविक माझा डावा कान त्याच्यामुळेच गेला. आमच्याकडे रंगपंचमीला रहाड उघडतात. चौकातला पुरुषभर खोल दगडी हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेला. त्या दिवशी रंगाच्या पाण्याने भरायचा. पूजा झाली की मानाची पहिली उडी, मग बाकीच्यांच्या धपाधप. त्या वर्षी मान मला मिळाला. उडी मारून वर आलो, डोळे पुसतोय तोच हा वरून गुडघे रोखून माझ्या डोक्यावर आला. कानशील दगडावर आपटलं. वरून आणखी चौघं पडले. लाथा, कोपरं, नाकातोंडात पाणी. गुलाबी पाण्यात रक्त कुणाला दिसणार? बाहेर ओढलं तेव्हा कानातून भळाभळा वाहत होतं.

माझे दोन्ही भाऊ दवाखान्यात आले तेच हॉकी स्टिक घेऊन, आणि तिथूनच त्याच्याकडे निघाले. "त्याने बघून मारली, अख्ख्या गल्लीनं पाहिलं," ओरडत होते. मी पट्टी बांधलेल्या डोक्याने उठून दार अडवलं. चुकून झालंय, त्याला हात लावलात तर मी तुमचा कोणी नाही, असं निक्षून सांगितलं. भाऊ थांबले, पण माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. तो मला भेटायलाही आला नाही, परदेशी निघून गेला. लाजला असेल बिचारा, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो आणि मलाही ते पटत गेलं.

जेवणानंतर त्याने मला हॉटेलच्या मागच्या बोळात नेलं. मी काही विचारलं नव्हतं.

"बघूनच मारली होती रे," तो म्हणाला. "माझ्या बापाने पंधरा दिवस खपून रहाड उपसली आणि मान तुला दिला. लय डोकं फिरलं होतं."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं, पुन्हा मारलं, हाताची सालटी निघेपर्यंत मारत राहिलो. मला त्याला ठारच मारायचं होतं. त्याने एकदाही हात वर केला नाही. खाली बसला, रक्त थुंकला आणि चक्क हसला.

"बरं झालं. तू भावांना अडवलंस ना, तेव्हापासून गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. आई गेली तरी आलो नाही. आता फिटलं. आता येतो नाशिकला."

त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला तिथे उभं राहवेना. मी बसमध्ये जाऊन बसलो, मूठ खिशात दाबून.

"नंबर घेतलात ना त्यांचा?" बायकोने विचारलं. "नाशिकला आले की जेवायला बोलवू."

"तो मेला मला," मी म्हणालो.