टॉर्नेडो बघायला आलेली माणसं

लातूर सोडलं त्या दिवशी आई गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "तिकडं वावटळी लई असत्यात म्हणं. जपून ऱ्हा." मी हसले. मला ठाऊक होती ती आमच्या रानातली वावटळ, तापल्या मातीतून उठणारी, थोडा पाचोळा फिरवून विझणारी.

ओक्लाहोमात आल्यावर कळलं, टॉर्नेडो ही निराळीच चीज. इथं आधी गडगडाटी ढगच आतल्या आत फिरू लागतो. त्याची सोंड खाली लोंबते, आणि ते गरगरणं जमिनीला टेकलं की टॉर्नेडो. बहुतेकदा काही मिनिटांतच विरतो. पण तेवढ्यात एक घर उचलून नेतो, आणि शेजारच्याची काचही फुटत नाही.

यंदा टॉर्नेडोच्या इशाऱ्याचा सायरन वाजला तेव्हा शेजारची डोरोथी, सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, घाबरून माझ्याकडे आली. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये डोक्यावर गादी धरून आम्ही दोघी बसलो. मालगाडी अंगावरून जावी तसा आवाज झाला. बाहेर आलो तर माझं घर उभं होतं. तिच्या घराची नुसती फरशी उरली होती.

तिला धड रडूही दिलं नाही लोकांनी. गाड्या भरभरून आले, मोबाइल वर धरून. एकानं तिच्या गेलेल्या नवऱ्याचा फोटो चिखलातून काढला आणि ढिगाऱ्यावर नीट मांडला. का, तर शॉट चांगला यावा! "लाज वाटत न्हाई का रे?" मी चक्क मराठीत ओरडले, फोटो हिसकावला आणि डोरोथीच्या हातात दिला.

त्याआधीच, मी सुखरूप आहे हे कळावं म्हणून दोन्ही घरांचा व्हिडिओ घरी पाठवला होता. धाकट्या भावानं त्यावर दणदणीत गाणं लावून स्टेटस ठेवलं. मी फोन केला तर म्हणतो, "ताई, लई लोकं बघायलेत!" परक्यांची किळस आली होती, पण हा तर माझ्या पाठचा.

मागून आईचा आवाज आला. "काढ ते आधी. बाईचं घर गेलं अन् तू गाणं लावायलास?" मग तिनं फोन घेतला.

"त्या म्हातारीला कुठं निजवलंस?"

"माझ्या पलंगावर."

"हाव. तिथंच राहू दे तिला."

डोरोथी अजून माझ्याकडेच आहे. गावाकडं मागं राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनीही विचारलंय, तुझं घर आता कोणतं? लातूर म्हणावं तर तिथं ते स्टेटस लागलं होतं, आणि इथं म्हणावं तर इथं तो फोटो मांडला गेला. मला आता गाव सांगावंसं वाटत नाही. आई फोनवर डोरोथीची चौकशी करते आणि डोरोथी तेवढा वेळ टीव्ही बंद करून माझ्याशेजारी बसते, तेवढं माझं घर.