उकंडरावाचा उजवा हात

मेहकरच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात उकंडराव नव्या खाकी सदऱ्यात असा अवघडून उभा होता, की सदरा पास झालाय आणि आतला माणूस राह्यलाय असं वाटावं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. मोटारींचे इन्स्पेक्टर साहेब महिन्यातून एकदा इथं येत, लायसन मागणाऱ्यांची तोंडी परीक्षा घेत, आणि दुपारी त्यांचा कारकून पास झालेल्यांची नावं वाचून दाखवी. उकंडरावाची ही तिसरी खेप.

जानेफळच्या पंजाबराव पाटलांकडे तो वीस वर्षं धुरकरी होता. बैलगाडी हाकण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मग पाटलांनी मिलिटरीतली जुनी जीप आणली, गाडीचे बैल विकले. जीपही उकंडराव चार दिवसांत शिकला. पण पाटील म्हणाले, "उकंड्या, लायसन आन, जीप तुह्या हाती. ह्या खेपेले नापास झाला, तं मी दुसरा माणूस पाह्यतो."

अडचण वेगळीच होती. जुवाला उजवीकडे सरदार असे, डावीकडे लाखा. वीस वर्षांत उकंडरावाला उजवं-डावं म्हणायची गरजच पडली नव्हती. त्याच्या ताटात चटणीसुद्धा लाख्याकडे असे आणि भाजी सरदाराकडे.

घरी बायको, मंजुळाबाई, तयारी करून घेई. त्याच्या हातात स्टेरिंग म्हणून सूप देई आणि चुलीपुढून हुकूम सोडी, "उजवीकडं वळा!" हा हात सरळ बाहेर काढी. "थांबा!" हात वर. एक चूक नाही. "माह्या हाती असतं तं कवाच देल्लं असतं लायसन," ती म्हणे. खाकी सदराही तिनंच हौसेनं शिवून घेतला होता.

पण सकाळी साहेबांनी विचारलं, "उजवीकडे वळायचंय. इशारा कसा कराल?" आणि उकंडरावाच्या तोंडून गाडीवरचंच उत्तर निघालं.

"सरदाराचा कासरा वढतो, सायेब." वर जीभ टाळूला लावून दोनदा टक्‌टक्‌ही करून झालं.

"कोण सरदार?"

"बैल जी. इकला त्याले."

दुपारी कारकुनानं पाच नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

"मांगच्या अंगानं काही लिवलं असंल जी," उकंडराव म्हणाला.

"मागं कोरं आहे, मामा. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात जीप कोठची, बापू!"

संध्याकाळी एस.टी.तून तो जानेफळला उतरला. मागोमाग ट्रंक घेतलेला एक गडी उतरला.

"मामा, पंजाबराव पाटलाचं घर कोनीकडं?"

"पाव्हने का?"

"नाही जी, डायवर हाव. खामगावचा. मांगच्या हप्त्यात पाटलाचं कारड आलं, का जीपवर येऊन जा म्हून."

मागच्या हप्त्यात! म्हणजे निकाल आठ दिवसांपूर्वीच खामगावला पोचला होता. उकंडराव उगाच नवा सदरा घालून मेहकरला जाऊन आला.

त्याचा उजवा हात आपोआप उठला, खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर आला. पंजा पुढं, बोटं जुळलेली. नियमात लिहिलंय अगदी तसा.

"असं वळा," तो म्हणाला.

ड्रायव्हर ट्रंक उचलून उजवीकडं वळला, दिसेनासा झाला. उकंडरावाचा हात मात्र अजून बाहेरच होता.