नववं पुनर्वाचन

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खडकीच्या त्या शाळेत मुलं नसतात, फक्त शिक्षक असतात. पेपर तपासून झालेले, निकालपत्रकांवर सह्या चाललेल्या. पंखे मात्र मुलं असल्यासारखेच फिरतात. गोपाळकृष्ण आठल्ये यांना वर्षातला हाच आठवडा सगळ्यात आवडतो. अठ्ठावीस वर्षं ते भूगोल शिकवतात. ‘परीक्षेला येणार का?’ असं ज्याबद्दल कुणी विचारत नाही, त्याचा विचार करायला त्यांना याच दिवसांत सवड मिळते.

याच आठवड्यात स्वयंमूल्यमापनाचा फॉर्मही भरायचा असतो. त्यातला अकरावा रकाना असा: वर्षभरातील अवांतर वाचन, पुस्तक, लेखक, प्रकाशक. नऊ वर्षांपूर्वी तो भरताना सरांसमोर टेबलावर एक ग्रंथ पडला होता. शिक्षणशास्त्रावरचा, सहाशे बारा पानांचा, कुठल्याशा प्रशिक्षण शिबिरात भेट मिळालेला. चाळीस पानं वाचून त्यांनी तो मिटला होता. त्या दिवशी त्याचंच नाव लिहिलं. पुढच्या वर्षी कंटाळा आला म्हणून पुन्हा तेच नाव, आणि पुढे ‘पुनर्वाचन’. त्याच्या पुढच्या वर्षी ‘पुनर्वाचन, दुसरे’. कुणी काही विचारलं नाही. खोटं बोलण्याला निदान ऐकणारा लागतो. इथे तोही नव्हता, म्हणून सरांना ते खोटं वाटलंच नाही. गेल्या वर्षी आठवं पुनर्वाचन झालं.

यंदा शाळेत तनया आली. वर्षभराच्या मुदतीवर, मराठी शिकवायला. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायची. फेब्रुवारीत क्लार्क रावसाहेबांनी तिला जुने फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला बसवलं. एखाद्याने दुसऱ्याची डायरी वाचावी, तसा तिने सगळ्यांचा अकरावा रकाना वाचला. नऊ वर्षं एकाच ग्रंथाकडे परत परत जाणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिने तो ग्रंथ जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून आणला.

सोमवारी ती तो घेऊन सरांच्या टेबलाशी उभी राहिली. पानापानांतून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या.

“सर, थोडं बोलायचं होतं. शेवटच्या प्रकरणाबद्दल.”

“निकालाचं काम होऊ दे जरा.”

मंगळवारी सर म्हणाले, चहा होऊ दे. बुधवारी त्यांना स्वतःहून मुख्याध्यापकांच्या खोलीत जावंसं वाटलं, जे अठ्ठावीस वर्षांत कधी झालं नव्हतं. शनिवारी निकाल. मग तनयाची मुदत संपेल, ती जाईल आणि हा प्रश्न जगात कुणीच विचारणार नाही. मधे दोनच दिवस होते.

“नऊ वेळा वाचलंत ना? मग सांगा की तिला सारांश,” रात्री घरी सुनीती म्हणाल्या. सरांच्या पत्नी, बँकेतून निवृत्त झालेल्या, पण शेरा मारायची सवय गेलेली नव्हती. “नाहीतर खरं सांगा. ते थोडक्यात होईल.”

गुरुवारी दुपारी तनयाने त्यांना नकाशांच्या खोलीत गाठलं. सर दक्षिण अमेरिका गुंडाळत होते. दारात ती उभी, त्यामुळे जायला वाट नव्हती.

“सर, पाचच मिनिटं. मला ते पुस्तक समजलं नाही.”

“होतं असं कधीकधी.”

“तसं नाही. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर झोपच आली. म्हटलं, सर ज्यात दरवर्षी काहीतरी नवीन शोधतात, त्यात मला काहीच दिसत नाही.” ती हसायला बघत होती, पण ते जमत नव्हतं. “लोणीच्या एका शाळेनं जूनपासून बोलावलंय. घरापासून चालत दहा मिनिटं. आज पाचपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणून सांगणारे.”

“का?”

“आमच्या भावाच्या ऑफिसात डेटा एंट्रीचं काम आहे. ते मला येतं. हे नाही येत, हे आता कळलं. वर्गात उभं राहायचं तर आत काहीतरी लागतं ना सर? तुमच्याकडे आहे ते.”

सरांनी दक्षिण अमेरिका पूर्ण गुंडाळली, दोरी बांधली. मग सोडली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“मी ते वाचलेलं नाही,” ते म्हणाले.

“यंदा ना? चालतंय की.”

“कधीच नाही. चाळीस पानं. त्यातली दोन प्रस्तावनेची.”

तनया खाली ठेवलेल्या आशिया खंडाच्या गुंडाळीवर बसली.

“सर, सहाशे बारा पानं,” ती म्हणाली. “बसमध्ये. उभ्यानं.”

“हो.”

“हडपसरला एका काकूंनी मला जागा दिली. म्हणाल्या, बस बाई, केवढं वजन धरलंयस.”

सरांना हसू आलं आणि ते आपल्याला शोभत नाही हेही कळलं. त्यांनी माफी मागितली. ‘माफ करा’ एवढेच शब्द. त्यापुढे काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांची माफी ऐकायचा सराव होता, मागायचा नव्हता.

“मग नऊ वर्षं करत काय होतात?” तिने विचारलं. टोमणाच होता. पण बोलता बोलता तिचा आवाज बदलला आणि शेवटी त्यात नुसता प्रश्न उरला.

हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. रकान्याने तर नाहीच.

आधी अडखळत, मग भराभर ते सांगू लागले. यंदा रोज जेवताना वीस मिनिटं ते नॉर्वेतल्या एका रेल्वेचा व्हिडिओ बघतात. इंजिनाच्या काचेतून घेतलेला, सलग सात तासांचा, त्यात कुणी बोलत नाही. समुद्राचं पाणी डोंगरात आत शिरतं हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढलं. तिथे संध्याकाळी पाणी काळं दिसतं, हे यंदा कळलं. रविवारी मार्केट यार्डात जातात. आणायचं काही नसतं. खोक्यांवरची गावांची नावं वाचतात. शाळेच्या नकाशात नाहीत अशी त्रेचाळीस गावं वहीत उतरवलीत. आणि आठवीच्या पेपरात, ‘वाळवंटात लोकवस्ती का आढळते?’ याला एका मुलीने लिहिलं, ‘कारण त्यांचं घर तिथे असतं.’ आधी शून्य दिलं, मग अर्धा, मग दोन दिवसांनी पूर्ण.

“आणखी?”

“कुंभारीण माशी. दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं मातीचं घर केलं. आपल्याकडे प्रत्येक निरोप समारंभात सांगतात ना, ती अळीला कोंडते, बाहेरून गुणगुणते, आणि तिचा ध्यास घेऊन अळीच माशी होते? गुरू-शिष्य वगैरे. म्हटलं, बघू तरी. सात हिरव्या अळ्या आणल्या तिनं, मोजल्या मी. दार लिंपून निघून गेली. आठ दिवसांनी मी घर फोडलं.”

“आणि?”

“अळ्यांची नुसती सालं. आणि एक गुबगुबीत पांढरं पिल्लू. अळीची माशी होत नाही. पिल्लाचं जेवण होतं.”

“म्हणजे मी अळी,” तनया म्हणाली.

“नाही, मी तसं…”

“आणलेली तेव्हा जिवंत असते ती?”

“असते. हलता येत नाही फक्त.”

“मला येतं हलता,” तनया म्हणाली. मग उठली, खिडकीशी गेली आणि फोन लावला. सर मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. “हो, तनया बोलतेय. येते मी. सोमवारी कागदपत्रं घेऊन येते,” एवढंच त्यांना ऐकू आलं.

“तुमच्यासाठी नाही हां,” परत येऊन ती म्हणाली. “तुमचा राग आहेच. तो लोणीपर्यंत पुरेल. पण ते पुस्तक खरंच कंटाळवाणं आहे, हे आता मला म्हणता येतं.”

“चाळीस पानांपुरती माझीही सहमती आहे.”

यावर ती हसली नाही, पण दारातून गेलीही नाही. सरांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, आफ्रिकेच्या पाठीवर ठेवला आणि अकराव्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. रेल्वे, त्यात कुणी न बोलणं, पाण्याचा रंग. मग खोक्यांवरची गावं. तिसऱ्या गावापर्यंतच रकाना भरला. त्यांनी पेन उचललं आणि फॉर्मकडे बघत बसले.

तनयाने वाकून वाचलं.

“गावं सगळी लिहा,” ती म्हणाली. “मागची बाजू कोरी आहे.”