पाहुणीला पिटलेल्या टाळ्या

काशीराम नाटेकर संतापले म्हणजे त्यांचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. उमर सगळी बोटीवरच्या नोकरीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीत घर केलं आणि चार हौशी माणसं जमवून संगीत मंडळ काढलं. आवड म्हणाल तर नाट्यपदांची. समेवर मान डोलली की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटे.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत मंडळाने मुंबईहून राही केळकर ही गायिका बोलावली. ती काहीतरी नवं गाते, एवढंच अध्यक्ष धोंडूअण्णांच्या कानावर आलं होतं. राही तंबोरा घेऊन एकटीच बसली. तबला नाही, पेटी नाही. एक सूर लावला तो सोडीचना. मग बराच वेळ गप्प. पुढे एकाच शब्दाची अक्षरं सुटी करून ती कुजबुजली आणि मध्येच अशी किंचाळली की पुढे बसलेल्या यमुनाबाई दचकल्या. नाटेकरांना ते मुळीच रुचलं नाही. सम कुठे शोधावी तेच कळेना.

आधी लोक खोकू लागले. कुणीतरी मांजराचा आवाज काढला, हशा पिकला. अण्णांनी निरोप धाडला, एखादं नाट्यपद होऊ दे म्हणून. राहीने मान हलवली आणि पुन्हा तोच सूर धरला. तशा मागून टाळ्या सुरू झाल्या, एका ठेक्यात, तिचा सूर बुडवायला. अण्णाही हसत हसत त्यात सामील झाले. राही थांबली.

नाटेकर उठून उभे राहिले. ते इतकं हळू बोलले की ऐकण्यासाठी लोकांना टाळ्या थांबवाव्या लागल्या.

"हा शिमगा नव्हे. मलाही यातलं काही आवडलेलं नाही. पण ही आपणहून आलेली नाही, आपण बोलावली म्हणून आली. सोसत नसेल त्याने घरी जावं. पाहुणीला टाळ्या पिटून उठवायची रीत आपल्यात कधी आली?"

"अहो, पण याला गाणं म्हणायचं का?" अण्णा म्हणाले.

"ते तिचं संपल्यावर बोलू."

निम्मी माणसं उठून गेली. राहीचा आवाज आधी कापला, मग सावरला. तिने ठरवलेलं सगळं गाऊन पुरं केलं. नंतर ती आभार मानायला आली, तेव्हा नाटेकरांनी गाणं आवडलं नसल्याचं तिलाही सांगितलं.

"दिसत होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडेच बघून गात होते."

पुढच्या सभेत मंडळाने ठराव केला की गायिकेने श्रोत्यांची फसवणूक केली. श्रोत्यांच्या वागण्याबद्दलही त्यात दोन शब्द असावेत, असं नाटेकरांनी सुचवलं. एकही हात वर झाला नाही. स्वतः उभं केलेलं मंडळ त्यांनी त्याच दिवशी सोडलं. न आवडलेल्या गाण्यापायी चार माणसं कशाला तोडायची, असं बायको गोदाबाईंनी परोपरीने विचारलं. ते नुसते धुमसत राहिले.

एकदा मुंबईस गेले असता त्यांनी राहीचं गाणं पुन्हा ऐकलं. डोकं दुखू लागलं, तरी शेवटपर्यंत बसले. रत्नागिरीच्या बाजारात मात्र अण्णा समोरून आले, तर नाटेकर रस्ता ओलांडून पलीकडे जात.