डावा पाय

चिंचेच्या कोळानं घासलेल्या पितळेचा वास आला, की इतरांना देवघर आठवत असेल. मला बँड आठवतो. परवा शेजारीण अंगणात समई घासत बसली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे परळीच्या स्टेशन रस्त्यावरची वरात उभी राहिली. बँडवाल्यांचे लाल कोट, त्यांवर बसलेली वीज केंद्राची करडी राख, आणि सगळ्यांच्या मागे पोटावर ढोल बांधून चालणारे माझे वडील. आबांचा डावा पाय लहानपणापासून अधू. त्या बँडची रीत अशी, की पहिला ठोका उजव्या पायावर, दुसरा डाव्यावर. आबांचा डावा पाय उचलायला वेळ लागायचा, म्हणून दुसरा ठोका किंचित रेंगाळायचा. त्या रेंगाळण्यात अशी गोडी होती, की नवरदेवाची घोडीसुद्धा त्याच चालीनं चालायची.

त्याच बँडमध्ये एक तरुण पोरगा क्लॅरिनेट वाजवायचा. फुंक गोड होती त्याची, खोटं कशाला बोलू? पण स्वभाव कुचका. वरात थांबली की आबांच्या पुढ्यात उभा राहून त्यांच्यासारखं लंगडून दाखवायचा, आणि वऱ्हाडी पोट धरून हसायचे. आबाही हसायचे. मी मात्र दातओठ खात उभी असायची. तेव्हाच मी डूख धरला, तो आजवर सोडलेला नाही.

पुढे तो मुंबईला गेला, तिथून परदेशी. आता मोठा संगीतकार आहे. जॅझचे सॅक्सोफोन आणि पन्नास व्हायोलिनांचा ऑर्केस्ट्रा एकत्र नांदवतो म्हणे. नाव झालं ते एका लंगडत्या तालावर. हा ताल कुठून आला, असं मुलाखतीत विचारलं तर म्हणाला, बर्फावरून जपून चालताना सुचला. बर्फावरून.

ती रचना मी मोबाइलवर आबांना ऐकवली. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटून, चादरीवर बोटं आपटत त्यांनी सगळी ऐकली आणि हसले.

"लई मोठं केलंय पोरानं. पण पाय चुकला बघ. उजवा लंगडा केलाय त्यानं."

मला तिथंच उमगलं. समोर उभा राहून नक्कल करायचा ना, आरशातल्यासारखी. आबांचा डावा तो याचा उजवा. तीच खोड त्यानं पन्नास व्हायोलिनांना लावली होती. दुसरा सोडून पहिलाच ठोका उशिरा.

आबा गेल्यावर काही वर्षांनी त्याचा फोन आला.

"ताई, आबांचा ठेका मला अजून गावत न्हाई. लोक वाहवा करत्यात, पण कुठंतरी अडखळतंय, मला कळतंय ते. तुमाला आठवतो का?"

"हे आबांचं हाय, असं चार लोकांत कधी बोललास का रे?"

तो म्हणाला, "आता कसं बोलू, ताई?"

"मग बरोबर हाय तुझं. अगदी आबांवानीच वाजतंय," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

असा गारवा काळजाला कित्येक वर्षांत लाभला नव्हता. जगभर तो आता चुकीचा पाय घेऊन हिंडतो, टाळ्या घेतो, आणि आत कुठंतरी त्याला ते टोचत राहतं. मला तेवढं पुरे आहे. कधी बाजारात जाताना माझी पावलं आपसूक आबांच्या ठेक्यावर पडतात. खरा ठेका आता एवढ्याच जागी उरलाय, साठी उलटलेल्या माझ्या पायांत. मी गेले की तोही जाईल. ‘डावा’ एवढ्या एका शब्दानं ठेका वाचेल, हे मला कळतं. तो शब्द मी देणार नाही.